घंटेला ओ द्या: रोजची ख्रिस्ती प्रार्थना घरात कशी बसवावी

रोज प्रार्थना करायची असं ठरवणाऱ्यांचा गाडा बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अडतो. श्रद्धा आटते म्हणून नाही. पहिल्या दिवशी हौसेने तासभर बसलेलं असतं, दुसऱ्या आठवड्यात तो तास सापडेनासा होतो, आणि मग ‘आज नीट वेळ नाही, उद्या करू’ यातच महिना निघून जातो. म्हणून इथे क्रम असा धरला आहे: आधी वेळ, मग जागा, मग शब्द. भाव त्यांच्या मागून येतो. कधी येतो, कधी येत नाही, आणि प्रार्थना त्याच्यावर टांगून ठेवायची नसते.

हे लिहिलं आहे ते गोव्यात राहणाऱ्या मराठी माणसांसाठी: बाप्तिस्म्याची तयारी करणारे, लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेले, बऱ्याच वर्षांनी चर्चकडे वळलेले, किंवा सावंतवाडी, बेळगाव, वसईकडून नोकरीसाठी इथे आलेले. यांची एक अडचण सारखीच असते. चर्चमध्ये कोकणी चालते, कुठे इंग्रजी; आणि मनातलं बोलायचं तर तोंडात मराठी येते. याचं उत्तर सोपं आहे. चारचौघांत कोकणीत म्हणा, एकट्याने मराठीत म्हणा. मराठी ओव्यांत येशूची कथा सांगणारं फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण 1616 साली याच भूमीत, राशोलला छापलं गेलं. मराठीत प्रार्थना करताना संकोच वाटण्याचं गोव्यात तरी काही कारण नाही.

आधी वेळ

दिवसातून तीनदा प्रार्थना करण्याची रीत ख्रिस्ती धर्माहून जुनी आहे. बायबलमधला संदेष्टा दानिएल यरुशलेमकडच्या खिडक्या उघडून दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत असे (दानिएल 6:10). स्तोत्रकर्ता संध्याकाळ, सकाळ आणि दुपार अशा तीन वेळा सांगतो (स्तोत्र 55:17). ‘दिदाखे’ नावाच्या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती शिकवणपुस्तिकेत प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा, असं सरळ लिहिलेलं आहे.

गोव्यात या तीन वेळा तुम्हाला शोधाव्या लागत नाहीत. चर्चची अँजेलसची घंटा सकाळी 6 ला, दुपारी 12 ला आणि संध्याकाळी होते. संध्याकाळची वेळ काही गावांत 6 ची, काही गावांत 7 ची. आपल्या चर्चची वेळ एकदा कान देऊन ऐकून घ्या. आधी तीन-तीन ठोके थांबून थांबून पडतात. त्या थांब्यांत लोक म्हणतात ती प्रार्थना पुढे येईलच. ज्या वाड्यावर घंटा पोचत नाही तिथे मोबाइलवर त्याच वेळेचा गजर लावा, पण गजराचा आवाज रोजच्या फोनच्या रिंगपेक्षा वेगळा ठेवा. नाहीतर हात सवयीने तो बंद करतो आणि पुढे व्हॉट्सअ‍ॅप उघडतो.

सकाळची प्रार्थना अशा कामाला बांधा जे तुमच्याकडून एकही दिवस चुकत नाही. चहाचं आधण ठेवलं की बसायचं, किंवा तोंड धुतलं की बसायचं. पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की पाव घ्यायला दार उघडता ना? पाव आत ठेवला की पाच मिनिटं बसा. ‘सकाळी कधीतरी’ ही वेळ नव्हे. ‘पाव घेतल्यावर’ ही वेळ आहे.

हॉटेलात रात्रपाळी करणारे, वेर्ण्याच्या कारखान्यांत शिफ्ट बदलणारे, रात्री दोनला टॅक्सी लावून घरी येणारे, पहाटे होडीवर जाणारे यांनी घड्याळाकडे बघू नये. तुमची जाग येते ती तुमची सकाळ, अंथरुणावर पडता ती तुमची रात्र. शिफ्ट आठवड्याला बदलत असेल तर वेळ बदलेल, पण क्रम बदलू नका: उठणं, प्रार्थना, मग चहा.

आणि माप लहान ठेवा. पहिला आठवडा फक्त सकाळची पाच मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात रात्रीची पाच जोडा. तिसऱ्यात दुपारची घंटा, चौथ्यात माळेचं एक दशक, म्हणजे दहा मणी. चाळीस दिवस यापेक्षा जास्त काही करू नका, मन भरून आलं तरी. भरून आलेल्या दिवशी वाढवलेलं माप कोरड्या दिवशी पेलत नाही, आणि मोडते ती सगळीच सवय.

जागा

वेगळी खोली लागत नाही. भिंतीवरची एक फळी पुरे. बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत येईल इतक्या उंचीवर एक क्रूस, बायबल, एक मेणबत्ती किंवा दिवा, काडेपेटी. कॅथलिक घरात मरियेचं किंवा संताचं एखादं चित्र. याहून जास्त काही ठेवलं की फळीवर हळूहळू वीजबिलं, चाव्या आणि चार्जर येऊन बसतात, आणि मग ती फळी फळीच उरते. देवघरासमोर समई लावण्याची सवय असलेल्यांनी इथेही तेलाचा दिवा लावायला हरकत नाही. ज्योत इथे ‘मी जगाचा प्रकाश आहे’ या येशूच्या शब्दाची खूण आहे (योहान 8:12).

मेणबत्ती पंख्याच्या झोतात धड पेटत नाही, मेण एका बाजूने ओघळतं आणि लक्ष तिकडेच जातं. ती काचेच्या पेल्यात उभी करा. पेल्यात बोटभर वाळू घातली की कलत नाही. पडद्याजवळ नको. पावसाळ्यात गोव्याच्या दमट हवेत पुस्तकाला बुरशी धरते, पानं एकमेकांना चिकटतात आणि कसर लागते. जून ते सप्टेंबर बायबल भिंतीला टेकवून ठेवू नका, सुती कापडात गुंडाळून आडवं ठेवा आणि उघडीप मिळाली की सावलीत वारं द्या. काड्या झाकणाच्या डब्यात ठेवा. वीज गेलेल्या संध्याकाळी सादळलेली काडी घासत बसणं म्हणजे प्रार्थनेआधीच चिडणं.

मोबाइल दुसऱ्या खोलीत. बायबल मोबाइलवर वाचत असाल तर एअरप्लेन मोड लावा. यात सूट घेऊ नका. एक नोटिफिकेशन दहा मिनिटं खातं.

सकाळ: दहा मिनिटांचा आराखडा

पहिले चाळीस दिवस पाच मिनिटं, म्हणजे खालचं पहिलं, दुसरं, तिसरं आणि शेवटचं. पुढे दहा.

1. उभे राहा. क्रुसाची खूण करा: उजवा हात कपाळाला, मग छातीला, मग डाव्या खांद्याला, मग उजव्या. सोबत ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’. माशी हाकलल्यासारखा हात फिरवू नका. एका श्वासाइतका वेळ घ्या, एवढ्याने अर्धं मन जागेवर येतं.

2. एकच वाक्य मोठ्याने: ‘हे प्रभू, माझे ओठ उघड’ (स्तोत्र 51:15). दिवसाचा पहिला शब्द हा असावा म्हणून ही योजना आहे. चर्चच्या रोजच्या प्रार्थनेची सुरुवातही याच वाक्याने होते.

3. एक स्तोत्र, मोठ्याने, दोन ते तीन मिनिटं. सकाळसाठी 3, 5, 63, 121 बरी. आधी ही चारच आलटून पालटून म्हणा म्हणजे तोंडात बसतील. मग 1 पासून पुढे जा. एकूण 150 आहेत. रोज एक धरलं तर पाच महिने. पुस्तक बदललं आणि आकडा जुळेना तर घाबरू नका: जुन्या लॅटिन गणतीत बरीच स्तोत्रं एकाने मागे असतात, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे 23 वं स्तोत्र तिथे 22 वं.

4. शुभवर्तमानातल्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांतल्या, आठ ते बारा ओळी. मार्कपासून सुरू करा: सोळाच अध्याय, चालही भरभर. मग लूक, मग योहान. ‘पुस्तक आहे तर पहिल्या पानापासून’ म्हणून उत्पत्तीपासून लागलेले वाचक निर्गम कसंबसं पार करतात आणि लेवीयच्या यज्ञविधींत थबकतात. तो भाग नंतरचा. कॅथलिकांनी रोजच्या मिस्सेचं (चर्चमधल्या मुख्य उपासनेचं) वाचन घेतलं तर आणखी बरं. आपण वाचलं तेच रविवारी व्यासपीठावरून कानी पडतं. मराठीत बायबल सोसायटीचं भाषांतर सर्वत्र मिळतं. त्याची भाषा जड वाटत असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल घ्या.

5. दोन मिनिटं गप्प. वाचलेल्यातला एखादा शब्द अडकला असेल तर तोच मनात फिरवा.

6. आजचा दिवस नावानिशी पुढे ठेवा: अमुक माणसाला भेटायचंय, अमुक पैसे भरायचेत, आईचा रिपोर्ट येणार आहे. मग घराबाहेरच्या एका माणसासाठी मागा, एकाचंच नाव.

7. प्रभूची प्रार्थना.

या सातव्या पायरीशी थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त घाई इथेच होते. मत्तयच्या सहाव्या अध्यायात (9 ते 13) येशूने शिकवलेल्या या प्रार्थनेत सात मागण्या आहेत. पहिल्या तीन देवाच्या: तुझं नाव, तुझं राज्य, तुझी इच्छा. आपली गरज येते ती चौथी, ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’. हा शब्द तोंडात घोळवून बघा. भाकर, म्हणजे पोटाची गोष्ट, पक्वान्न नव्हे. रोजची, म्हणजे वर्षाचा साठा नव्हे. आमची, म्हणजे माझ्या एकट्याची नव्हे. शेजारच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या मजुराचीही. आणि लगेच पुढे क्षमा, तीही अटीसकट: जशी आम्ही आमच्या ऋण्यांना सोडली तशी. कुणाशी अबोला धरून ही ओळ म्हणताना जीभ अडखळते, आणि ते अडखळणं म्हणजे प्रार्थना लागू पडू लागल्याची खूण.

येशूसंघाचे संस्थापक, लोयोलाचे संत इग्नेशियस यांनी सांगितलेली एक रीत यासाठी फार उपयोगी आहे. आठवड्यातून एकदा ही प्रार्थना एकेक शब्द घेऊन म्हणायची. ‘बापा’ या शब्दाला रस आहे तोवर तिथेच राहायचं, आटला की पुढचा शब्द. दिलेला वेळ एका शब्दातच संपला तर उरलेली प्रार्थना नेहमीसारखी म्हणून उठायचं आणि पुढच्या वेळी दुसऱ्या शब्दापासून लागायचं. दुसरी रीत श्वासाची: एका श्वासाला एक शब्द, दोन श्वासांच्या मधल्या वेळेत त्याचा अर्थ. ज्यांना डोळे मिटले की झोप येते त्यांना ही श्वासाची रीत जमते.

झोपेचंच निघालं तर: पलंगावर बसून प्रार्थना करू नका. खुर्ची किंवा जमीन, पाठ ताठ. तरीही डुलकी येत असेल तर उभ्याने स्तोत्र म्हणा. रोजच येत असेल तर दोष प्रार्थनेचा नाही, रात्री उशिरापर्यंत बघितलेल्या पडद्याचा आहे.

दुपार: दोन मिनिटं

घंटा झाली की हातातलं काम खाली ठेवा. अँजेलसमध्ये तीन लहान संवाद आहेत: देवदूताने मरियेला निरोप दिला, ‘मी प्रभूची दासी’ असं ती म्हणाली, शब्द देही झाला. पहिले दोन लूकच्या पहिल्या अध्यायातले, तिसरा योहान 1:14 मधला. प्रत्येकामागे एक ‘नमो मरिया’ (मरियेला उद्देशून म्हणायची छोटी प्रार्थना), शेवटी एक छोटी प्रार्थना. दीड-दोन मिनिटांत होते. ईस्टरपासून पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, तिच्या जागी पुनरुत्थानाच्या आनंदाची ‘रेजिना चेली’ म्हणतात. प्रॉटेस्टंट मंडळींनी या वेळी प्रभूची प्रार्थना म्हणावी, तीच सगळ्यात जुनी रीत आहे.

दुकानात गिऱ्हाईक उभं असेल तर ओठ न हलवता म्हणा. गोव्यात दुपारी बरीच दुकानं शटर ओढतात. तुम्हीही ओढत असाल तर शटर खाली आल्यावरचं पहिलं मिनिट याला द्या, जेवणाआधीचं.

रात्र: दिवसाचा हिशेब

दुकान बंद करताना गल्ला मोजतात तसंच हे. इग्नेशियस यांच्या पद्धतीत पाच पायऱ्या आहेत: आभार, ‘मला खरं दिसू दे’ ही मागणी, सकाळपासून आत्तापर्यंतचा दिवस तासातासाने बघणं, जिथे चुकलं तिथे क्षमा मागणं, उद्याचा एक ठराव. पहिले चाळीस दिवस हे पाच मिनिटांत आटपा, पुढे दहा. दहांत आभाराला दोन द्या, दिवस बघायला पाच, उरलेल्यांना एकेक.

इथे दोन चुका हमखास होतात. एक, आभार वगळून लोक थेट चुकांवर येतात. मग रोजची रात्र म्हणजे स्वतःची उलटतपासणी होते आणि आठवडाभरात ती नकोशी वाटते. आभार आधी, आणि नेमके: ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ नव्हे, तर ‘बसमध्ये त्या बाईने पिशवी धरली त्यासाठी’. दोन, उद्याचे ठराव पाच-सहा होतात. एकच, आणि करता येण्याजोगा: ‘उद्या रागावणार नाही’ हा ठराव नव्हे, ‘उद्या नऊ वाजता भावाला फोन करीन’ हा ठराव.

शेवटी स्तोत्र 4 किंवा 91, आणि येशूचे वधस्तंभावरचे शब्द: ‘हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो’ (लूक 23:46). दिवा विझवा, झोपा. यानंतर मोबाइल नको.

तेर्स

गोव्याच्या कॅथलिक घरात संध्याकाळ म्हणजे तेर्स, मण्यांच्या माळेवर म्हणायची मरियेची प्रार्थना, म्हणजेच रोझरी. आपल्याकडे तिन्हीसांजेला दिवा लावून शुभंकरोती म्हणतात, तीच ही वेळ, आणि सुनेला या घरात आपलेपण वाटू लागतं ते बहुधा इथेच. शब्द पोर्तुगीज ‘तेर्सु’वरून आला, अर्थ तिसरा भाग. संपूर्ण रोझरी पूर्वी 15 दशकांची होती, रोज म्हणायची ती 5, म्हणजे एक तृतीयांश. 2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्यं (रहस्य म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातला एकेका दशकाला मनात धरायचा प्रसंग) जोडली आणि एकूण 20 झाली. नाव तेर्सच राहिलं.

माळेत 59 मणी असतात: 53 ‘नमो मरिया’चे, 6 प्रभूच्या प्रार्थनेचे. 108 मण्यांच्या जपमाळेची सवय असलेल्यांची बोटं इथे सुरुवातीला चुकतात, कारण इथे मण्यांत अंतर आहे आणि प्रत्येक दहानंतर प्रार्थना बदलते. क्रम असा. क्रूस हातात धरून क्रुसाची खूण आणि प्रेषितांचा विश्वासांगिकार (ख्रिस्ती श्रद्धेची थोडक्यात कबुली). पहिल्या सुट्या मण्यावर प्रभूची प्रार्थना. पुढच्या तिघांवर श्रद्धा, आशा, प्रीती यांसाठी ‘नमो मरिया’. मग ‘पित्याला, पुत्राला व पवित्र आत्म्याला गौरव असो’. आता पहिलं रहस्य मोठ्याने सांगायचं, प्रभूची प्रार्थना, दहा ‘नमो मरिया’, गौरव. असं पाचदा. शेवटी ‘साल्वे रेजिना’ ही मरियेची प्रार्थना, आणि घराची रीत असेल तर मरियेची लादाईन, म्हणजे तिच्या नावांची प्रार्थनामाला.

वार ठरलेले आहेत: सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. कागदाच्या चिठ्ठीवर लिहून माळेच्या डबीत ठेवा.

पाच दशकांना 15 ते 20 मिनिटं लागतात. आठ मिनिटांत संपत असेल तर शब्द गिळले जात आहेत. उपाय एकच: ‘नमो मरिया’च्या पहिल्या अर्ध्याच्या शेवटी येणाऱ्या ‘येशू’ या नावावर किंचित थांबायचं. ती प्रार्थनेची बिजागरी आहे. तिथे थांबलं की दुसरा अर्धा भाग आपोआप सावकाश येतो. मन भटकतं, भटकू द्या. लक्षात आलं की ज्या मण्यावर बोट आहे तिथून पुढे चला. परत पहिल्यापासून मोजत बसू नका, बोटांना मणी दिले आहेत ते त्यासाठीच.

घरच्या तेर्साला एकजण अर्धी प्रार्थना म्हणतो, बाकीचे उरलेली अर्धी. ‘नमान मोरिये’ एका बाजूने, ‘आतां आनी आमच्या मरणाच्या वेळार’ दुसऱ्या बाजूने. कोकणी प्रार्थनापुस्तकं बहुधा रोमी लिपीत असतात आणि मराठी वाचणाऱ्याला ती अडखळत वाचावी लागतात. सासूबाईंना किंवा शेजारच्या एखाद्या माणसाला सावकाश म्हणायला सांगा आणि चाळीस पानी वहीत देवनागरीत उतरून घ्या. जसं ऐकू येतं तसं लिहा, शुद्धलेखन नंतर बघू. दोन आठवड्यांत वही लागेनाशी होते. तोवर दशक चालवायची वेळ आली तर मराठीत चालवा. कुणी नाराज होत नाही.

तेर्स संपला की धाकटे हात जोडून वडीलधाऱ्यांकडे बेसांव (आशीर्वाद) मागतात. हे चुकवू नका. दिवसभरात झालेली कुरबुर पुष्कळदा या अर्ध्या मिनिटात विरते.

एकटे राहत असाल तर रोज पाच दशकं अंगावर घेऊ नका. एक दशक, तीन ते चार मिनिटं. पणजी-मडगाव बस बरी जागा आहे, प्रवासात पूर्ण तेर्स आरामात होतो. रस्त्याकडेचा खुरीस (क्रूस) किंवा कपेल (छोटं प्रार्थनामंदिर) आलं की बसमधली माणसं क्रुसाची खूण करतात. तुम्हीही करा, आणि त्या क्षणी ज्याची आठवण होईल त्याचं नाव घ्या. माळ चारचौघांत काढायला अवघडल्यासारखं वाटत असेल तर दहा बोटं आहेतच.

घरात बाकी कुणी प्रार्थना करत नसेल तर

गोव्यात अशी घरं कमी नाहीत, एकाच छपराखाली देवघर आणि क्रूस दोन्ही. इथे तीन गोष्टी पाळा. प्रार्थनेसाठी घरातली कामं दुसऱ्यावर ढकलू नका. तुमच्या दहा मिनिटांमुळे कुणाचा डबा उशिरा झाला तर प्रार्थनेबद्दल घरात पहिलं मत वाईट बनतं. आरतीच्या वेळी मोठ्याने स्तोत्र लावू नका, त्यांची वेळ त्यांना असू द्या. आणि ‘तू आपल्या खोलीत जा व दार लावून घे’ (मत्तय 6:6) हे वचन अशाच घरांसाठी आहे असं समजा. खोली नसेल तर पहाटेची ओसरी, नाहीतर गच्ची. कुणी विचारलं तर शांतपणे सांगा, न विचारता समजावू नका.

लहान मुलं असतील तर त्यांची प्रार्थना तीन मिनिटांच्या वर नेऊ नका. क्रुसाची खूण, प्रभूची प्रार्थना, आणि ‘आज काय आवडलं ते येशूला सांग’. दिवा विझवण्याचं काम मुलाला द्या.

प्रॉटेस्टंट घरांत संध्याकाळी वचन आणि गीत अशी कुटुंबप्रार्थना असते. रेव्हरंड ना. वा. टिळक यांची अभंग-ओवीच्या चालीची गीतं अजून मराठी चर्चमध्ये गातात. रोज एकच कडवं, पण पाठ असलेलं, गाण्याने सुरुवात केली तर घर लवकर जमतं.

कोरडे दिवस

येतातच. साधारण दोन-तीन महिन्यांनी, सुरुवातीची गोडी ओसरल्यावर. स्तोत्र म्हणताना शब्द पेंढ्यासारखे लागतात, देव ऐकत नाही असं वाटतं, ‘मी ढोंग करतोय का’ हा प्रश्न छळतो. आधी साधी कारणं बघा: झोप, आजारपण, घरातला अबोला, कबूल न केलेली एखादी गोष्ट. यातलं काही नसेल तर इग्नेशियस यांचा नियम घट्ट धरा: उदासीच्या काळात आधीचा ठराव बदलायचा नाही. उलट दहा मिनिटं ठरली असतील आणि उठावंसं वाटत असेल तर अकरावं मिनिट बसायचं. मन हटवतं तिथे मिनिटभर जास्त टिकलं की पुढच्या वेळी त्याचा जोर कमी होतो.

या दिवसांत स्वतःचे शब्द सुचत नाहीत, तेव्हा उसने घ्या. स्तोत्र 13 ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ असं विचारूनच सुरू होतं. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही. तरी ते बायबलात आहे. येशूच्या दृष्टांतातल्या जकातदाराची प्रार्थना एका वाक्याची आहे, ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ (लूक 18:13). तीच दहा मिनिटं म्हटली तरी पूर्ण प्रार्थना होते. हे कोरडेपण महिनोन्महिने चाललं, जेवणझोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर फक्त पाद्रीकडे नव्हे, डॉक्टरकडेही जा. ते श्रद्धेच्या आड येत नाही.

रविवार, शुक्रवार आणि वर्षाचा फेरा

घरची प्रार्थना रविवारच्या मिस्सेला पर्याय नाही. ती मिस्सेकडे नेते. वाचनं शनिवारी रात्री एकदा वाचून ठेवा, कोकणी पूर्ण कळत नसलं तरी दुसऱ्या दिवशी धागा सापडतो. कम्युनियन (मिस्सेतला पवित्र प्रसाद) घेणाऱ्यांनी आधी एक तास उपाशी राहायचं असतं. पाणी आणि औषध चालतं. कुमसारासाठी, म्हणजे पाद्रीपुढे पापं कबूल करण्यासाठी, महिन्यातून एक दिवस ठरवा. शनिवारी संध्याकाळी बऱ्याच ठिकाणी पाद्री बसतात, आणि मराठीत बोललं तर चालेल का हे आधी विचारून घ्या.

शुक्रवार येशूच्या मरणाचा. मांसाहार टाळा किंवा दुसरं काही सोडा, आणि रात्रीच्या हिशेबाला स्तोत्र 51 जोडा. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात या दिवशी 14 स्थानांची क्रूसाची वाट (येशूच्या दुःखसहनाचे टप्पे आठवत करायची प्रार्थना) चर्चमध्ये असते. तिला जा, तिची कोकणी गीतं काळजाला भिडतात.

मे आणि ऑक्टोबर मरियेचे महिने, ऑक्टोबर खास रोझरीचा. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त (सण) 3 डिसेंबरला, त्याआधी नऊ दिवसांची प्रार्थना, नोवेन. 16 जानेवारीला संत जुझे वाझ यांचा सण. जन्म 1651 साली बाणावलीचा, 14 जानेवारी 2015 ला कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं. नोवेन धरायची तर नऊही दिवस आपली घरची वेळ न मोडता धरा. नोवेनीची गर्दी, फेस्ताचे फटाके, लादाईनीनंतरचे उकडलेले चणे हे सगळं आनंदाचं आहे. पण नवखे लोक या नऊ दिवसांत सगळा जोर लावतात आणि दहाव्या दिवशी सकाळची दहा मिनिटंही सुटतात.

खंड पडला तर

पडेल. पाहुणे, आजारपण, चतुर्थीची गावची फेरी, सिझनमधली ओव्हरटाइम. चार दिवस चुकले म्हणून पाचव्या दिवशी पाच दिवसांची स्तोत्रं एकदम म्हणू नका. प्रार्थना थकबाकी नव्हे. वाचन मार्क 6 वर थांबलं असेल तर मार्क 6 पासूनच, मधली पानं गाळून ‘आजच्या तारखेला’ उडी मारू नका. सोमवारची किंवा पहिल्या तारखेची वाट बघू नका. दुपारी हे वाचत असाल तर संध्याकाळच्या घंटेला हात थांबवा, क्रुसाची खूण करा, एक प्रभूची प्रार्थना म्हणा. उद्या पाव घेतल्यावर पाच मिनिटं.